इस्पितळाचे दुसरे दार

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत इस्पितळांचा इतिहास सांगावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. इतिहास हे पंडितांचे क्षेत्र आणि इस्पितळ हे डॉक्टरांचे; आमच्या गाठीशी ह्या दोहोंपैकी एकही पदवी नाही. परंतु संघटनेच्या कचेरीत बसणाऱ्याला एक गोष्ट लौकर कळते. पगाराच्या खालोखाल कामगार ज्या तक्रारीसाठी जिना चढून येतो, ती आजारपणाची असते. रजा मिळाली नाही, औषध मिळाले नाही, खाट मिळाली नाही. ह्या तक्रारींचे मूळ शोधता शोधता आम्ही मागे मागे वाचत गेलो, सात समुद्रांपलीकडच्या देशांचेही वाचले, आणि आमच्या ध्यानात आले की सरकारी इस्पितळाला जिथे जिथे मोठे दार होते, तिथे कोठे ना कोठे दुसरेही एक दार होते. ते कोणासाठी होते आणि ते कोणी व कसे बंद केले, एवढाच आजचा विषय.

लांबच्या देशांकडे वळण्यापूर्वी घराजवळून निघू. जव्हार तालुक्यातील जामसर हे गाव आपल्या माहितीचे आहे. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तेथे नाव लिहून घेताना कोणाला आत घ्यायचे नाही, असा नियम नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचा पैसाही घेत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने वारली, कोकणा, कातकरी आणि जव्हारच्या पेठेतला व्यापारी ह्यांनी एकाच बाकावर बसावे, अशी व्यवस्था आहे. व्यापारी त्या बाकावर येतच नाही, तो गाडी करून नाशिकला जातो, ही गोष्ट निराळी! पण मग ह्या भागातल्या रोग्याला दुजाभाव भोगावा लागतो तो कोठे? ह्याचे उत्तर जामसरला सापडत नाही. त्यासाठी मुंबई, अमेरिका आणि इंग्लंड असा वळसा घालावा लागतो.

आपल्या मुंबईत हा भेद एके काळी राजरोस होता. गोऱ्यांसाठी युरोपियन जनरल हॉस्पिटल निराळे होते. त्याचेच पुढे बोरीबंदराजवळ सेंट जॉर्ज झाले. ‘नेटिवां’साठी १८४५ साली भायखळ्यास जे.जे. सुरू झाले, तेही सर जमशेटजी जीजीभाईंनी लाख रुपये काढून दिले तेव्हा. रोग्यांची ही गोष्ट झाली. डॉक्टरांची तीच होती. सरकारी वैद्यक महाविद्यालयातील वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे जात, आणि हिंदी डॉक्टर कितीही शिकलेला असला तरी त्याने हाताखाली राबावे. म्हणून शेठ गोवर्धनदास सुंदरदास ह्यांच्या विश्वस्तांनी पैसा देताना अट घातली, की येथे शिकवणारे डॉक्टर हिंदी असतील आणि सरकारी नोकरीतले नसतील. ह्या अटीतून परळचे महाविद्यालय आणि १९२६ साली के.ई.एम. इस्पितळ उभे राहिले. आज परळच्या फुटपाथवर रोग्यांचे नातेवाईक पथारी पसरून असतात, त्यांतील फार थोड्यांना ह्या अटीची माहिती असेल.

परंतु आम्हांला त्याहून मोलाचे वाटते ते १८९६ चे वर्ष. त्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला. सरकारने सक्तीने रोगी उचलून आर्थर रोडच्या इस्पितळात न्यावयास आरंभ केला, आणि २९ ऑक्टोबर रोजी हजारभर गिरणी कामगारांनी त्या इस्पितळावर चाल केली. ग्रंथांत ह्या प्रसंगाला अडाणी जमावाचा दंगा म्हटलेले आढळते. तिथे नेलेल्या माणसांना मारून त्यांच्या अंगातून मोमियाई काढतात, अशा कंड्या पिकल्या होत्या, हे खरे आहे. तथापि कामगार अडाणी होते म्हणून हे सारे झाले, एवढ्यावर आमचे समाधान होत नाही. ज्या सरकारने गिरणगावातल्या चाळीत आजवर डॉक्टर पाठविला नव्हता, ते एके दिवशी शिपाई घेऊन आले व घरातला माणूस उचलून नेऊ लागले. अशा वेळी विश्वास कोठून आणावा? पुढे सरकारलाच नमते घ्यावे लागले आणि जातीजातींनी आपापली इस्पितळे काढावीत, अशी सवलत देण्यात आली. त्या दिवसांत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मराठा रोग्यांच्या इस्पितळासाठी खटपट केली. १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून देणारे हे लोखंडे प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी स्वतः प्लेगने गेले. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्याजवळ सावित्रीबाई फुले तशाच गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले पोर त्यांनी पाठीवर टाकून इस्पितळात आणले होते. आमच्या चळवळीचे आद्य पुरुष आणि स्त्रीशिक्षणाच्या आद्य गुरू एकाच साथीत गेल्या, हे आम्ही तरुण कार्यकर्त्यांना आवर्जून सांगतो.

जातीजातींची इस्पितळे निघाली त्याने त्या वेळची भीती ओसरली खरी. पण ज्यांच्या जातीला इस्पितळ काढण्याइतका पैसाच नव्हता, त्यांनी कोठे जावे? काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले, आणि डॉ. आंबेडकरांनी ते पुढे आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले. त्याची बायको बाळंत झाली व दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत शिरण्यास तयार होईना. नगरशेठने रदबदली केली, तेव्हा दोन रुपये फी ठरवून तो वस्तीबाहेर उभा राहिला आणि दोन दिवसांच्या बाळंतिणीला उचलून बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. आणि त्याच वाटेने तो परत गेला. नाडीला हात लागला नाही. दिव्याच्या उजेडात काच पाहून न्यूमोनिया म्हणून सांगण्यात आले. डॉक्टर पुन्हा आला नाही, आणि ती बाई गेली. औषध मिळाले होते, फी दिली होती, रोगाचे नावही बहुधा बरोबर होते. मिळाला नाही तो डॉक्टरचा हात.

हे आपल्याच देशाचे वैगुण्य, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेने १९४६ साली हिल-बर्टन कायदा करून देशभर इस्पितळे बांधायला सरकारी पैसा दिला, आणि त्याच कायद्यात काळ्यांसाठी व गोऱ्यांसाठी ‘सारख्याच दर्जाच्या’ पण वेगवेगळ्या सोयी करण्यास मुभा ठेवली. म्हणजे कर काळ्यानेही भरायचा, आणि त्या पैशाच्या इमारतीत त्याला मज्जाव. ग्रीन्सबरो गावच्या जॉर्ज सिमकिन्स ह्या काळ्या दंतवैद्याने आपल्या सहकाऱ्यांसह कोर्टाची पायरी चढून १९६३ साली ती मुभा रद्द करविली. तरीही निकालाने जे पुरते साधले नाही ते पैशाने साधले. १ जुलै १९६६ पासून वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ हा सरकारी विमा सुरू झाला, आणि भेद पाळणाऱ्या इस्पितळाला त्यातला पैसा मिळणार नाही, असे सरकारने बजावले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेगळ्या वॉर्डांच्या भिंती थोड्या महिन्यांत उतरल्या. तिजोरीची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे, हे पाहिल्यावाचून समतेच्या गोष्टी करू नयेत, असे आम्ही म्हणतो ते ह्याच कारणाने.

आता इंग्लंड. येथे रंगाचा किंवा जातीचा प्रश्न नव्हता; प्रश्न होता कार्डाचा, आणि म्हणून तो आपल्या अधिक जवळचा आहे.

१९११ साली लॉइड जॉर्ज ह्यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा केला. कामगाराने आठवड्याला चार पेन्स भरायचे, मालकाने तीन आणि सरकारने दोन. ह्या नऊ पेन्सांच्या बदल्यात कामगाराला आजारपणात काही शिलिंगे आणि एक ठरलेला डॉक्टर मिळू लागला. ह्या डॉक्टरांची यादी असे, तिला ‘पॅनेल’ म्हणत. हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. मुंबईच्या चाळींतून ‘पॅनेलचा डॉक्टर’ म्हणतात तो ह्याच शब्दाचा वंशज. रोख पैसे देणारा रोगी पुढच्या दाराने दिवाणखान्यात जाई, पॅनेलचा रोगी बाजूच्या दाराने, लाकडी बाकाच्या खोलीत. अशी रीत अनेक गावांत पडून गेली. पण ह्या बाकावर ज्यांना जागाच नव्हती, त्यांचे काय? विमा कामगाराचा होता. त्याची बायको घरी राबे तिला डॉक्टर नाही, मुलांना डॉक्टर नाही. बाळंतपणाचे तीस शिलिंग सोडले तर घरातल्या बाईच्या वाट्याला काही आले नाही. नवरा आजारी पडला की डॉक्टर यायचा, बायको आजारी पडली की ती चालतीबोलती असेपर्यंत कोणी येत नसे. संसाराचा अर्धा भाग ह्या कायद्याने दाराबाहेर ठेवला आणि तो सदतीस वर्षे तसाच राहिला.

तो आत आणला वेल्समधल्या एका खाणकामगाराच्या पोराने. अन्यूरिन बेव्हन ह्यांचा जन्म १८९७ साली ट्रेडेगर गावी झाला. शाळा सोडून कोवळ्या वयातच ते खाणीत उतरले आणि पुढे खाणकामगारांच्या संघटनेत वाढले. त्या गावात कामगारांनी आपल्या पगारातून वर्गणी कापून एक वैद्यकीय मदत मंडळ चालविले होते. त्याचे वैशिष्ट्य हे, की त्यात कामगाराचे सबंध कुटुंब येई आणि हळूहळू जवळजवळ सारे गावच आले. बेव्हन मंत्री झाले तेव्हा त्यांच्यापुढे नमुना होता तो हाच. ५ जुलै १९४८ रोजी इंग्लंडची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि कार्ड, वर्गणी, नोकरी ह्यांचा उपचाराशी संबंध तुटला. जो त्या देशात राहतो तो रोगी.

तेवढ्याने दुसरे दार बंद झाले, असे मात्र नव्हे. मोठ्या डॉक्टरांना राजी करण्यासाठी बेव्हनना एक सवलत द्यावी लागली: सरकारी इस्पितळातच काही खाटा पैसे भरणाऱ्या खासगी रोग्यांसाठी राखाव्यात. तीच इमारत, त्याच परिचारिका, तीच शस्त्रक्रियेची खोली, पण एकाला महिनोन्‌महिने थांबायचे आणि दुसऱ्याला पुढच्या आठवड्याची तारीख. पंचवीस वर्षे हे निमूट चालले. मग लंडनच्या चेअरिंग क्रॉस इस्पितळाची टोलेजंग नवी इमारत झाली आणि तिच्या पंधराव्या मजल्यावर खासगी रोग्यांचा थाट मांडला गेला. जुलै १९७४ मध्ये तेथील झाडूवाले, स्वयंपाकी, हमाल ह्यांनी, म्हणजे ज्यांना इस्पितळाच्या उतरंडीत सर्वांत खाली मोजतात त्यांनी, एस्थर ब्रुकस्टोन ह्या युनियनच्या बाईंच्या पुढाकाराने त्या मजल्याला सेवा देण्याचे नाकारले. जेवणाचे ताट वर गेले नाही. मागणी पगारवाढीची नव्हती. खाटा सर्वांच्या करा, एवढीच होती. आम्ही आजवर पुष्कळ संपांची हकीकत वाचली आहे, परंतु दुसऱ्याच्या रांगेसाठी केलेले असे संप विरळा.

मंत्री बार्बरा कॅसल ह्यांना तोडगा काढावा लागला. १९७६ च्या कायद्याने चार हजारांवर खासगी खाटांपैकी एक हजार तत्काळ काढल्या गेल्या आणि बाकीच्या क्रमाक्रमाने काढण्यासाठी मंडळ नेमले गेले. थॅचरबाईंच्या सरकारने १९८० मध्ये ते मंडळच मोडीत काढले. मध्यंतरी आणखी एक गोष्ट झाली, ती कामगारांच्या हिशोबात नव्हती: सरकारी इस्पितळातून उठलेला पैसेवाला रोगी रस्त्यापलीकडे गेला आणि तिथे खासगी इस्पितळे वाढू लागली. दार इमारतीतून काढले, ते रस्त्यावर उघडले. म्हणून त्या झाडूवाल्यांचे चुकले, असे कोणी म्हणेल तर आम्हांला ते मान्य नाही. वेल्समधील खाणींच्या खोऱ्यात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट ह्यांनी १९७१ मध्येच लिहून ठेवले होते, की जिथे उपचाराची निकड जास्त तिथे चांगला उपचार कमी पोहोचतो, आणि बाजाराला जितका मोकळा सोडाल तितके हे व्यस्त प्रमाण वाढते.

आता स्वदेशी यावयाचे. १९४८ साली इंग्लंडात हे घडत होते, तेव्हा आपल्याकडे काय चालले होते? सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने १९४६ मध्येच अहवाल दिला होता, की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, आणि आरंभाला चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक केंद्र असावे. दुसरा अहवाल प्रा. आडारकरांचा, १९४४ चा, कारखान्यातल्या कामगारांच्या विम्याबद्दलचा. पहिला सर्वांसाठी होता, दुसरा काहींसाठी. त्वरित कायदा झाला तो दुसऱ्याचा. एप्रिल १९४८ मध्ये कामगार राज्य विम्याचा कायदा मंजूर झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली. त्याच १९४८ साली जव्हारचे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाची प्रजा नागरिक झाली, परंतु कामगार झाली नाही.

विम्याच्या कायद्याने कामगाराला इस्पितळे दिली, आजारपणाचा पगार दिला, बाळंतपणाची रजा दिली. आरंभी फक्त कामगाराला, कुटुंबाला पुढे. ह्या योजनेला नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नाही. कार्ड दाखवून शस्त्रक्रिया झालेली आणि कर्ज न काढता घरी गेलेली माणसे आम्ही मोजली तर व्याख्यान संपणार नाही. पण कायद्याच्या पहिल्याच कलमात दोन शब्द होते: हंगामी कारखाने वगळून. हंगामी म्हणजे काय, हे जामसरच्या माणसाला विचारा.

भाताची कापणी आटोपली, दिवाळी झाली, की पाड्यांवरची कुटुंबे वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुकादमाने पावसाळ्यात बयाणा देऊन ठेवलेला असतो. तो फिटेपर्यंत माती तुडवायची, विटा पाडायच्या. नवरा, बायको, मोठी मुले सारी एका जोडीच्या हिशोबात. १९७६ च्या कायद्याने वेठबिगार संपली म्हणतात, आणि तरी वसईच्या बाजूला १९८० नंतर वेठबिगारांना सोडविण्यासाठी संघटना बांधाव्या लागल्या. पावसाच्या तोंडावर कुटुंब परत येते. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने हा माणूस औद्योगिक जिल्ह्यात, कामगार म्हणून, मालकाच्या जागेत राबतो. ठाण्याच्या कारखान्यातला माणूस आणि तो एकाच आकाशाखाली घाम गाळतात. एकासाठी वागळे इस्टेटीत विम्याचे इस्पितळ बांधले गेले, दुसऱ्याची भट्टी हंगामी. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही विम्याच्या प्रकरणातून हंगामी कारखाने वगळलेलेच आहेत.

मग जामसरचे आरोग्य केंद्र काय करते? ते जामसरला असते. आदिवासी व डोंगराळ भागाला सरकारी मापात झुकते माप आहे: सपाटीवर तीस हजारांमागे एक केंद्र, इकडे वीस हजारांमागे, उपकेंद्र तिकडे पाच हजारांमागे, इकडे तीन हजारांमागे. माप माणसे घरी असतात असे धरून केलेले आहे. थंडी-उन्हाळ्यात माणसे भट्टीवर, तिथल्या केंद्राच्या वहीत त्यांचे नाव नाही. पावसाळ्यात ती परत येतात तेव्हा कणगी रिकामी, रस्ता वाहून गेलेला. आमच्या भागात कुपोषणाने मुले दगावतात ती बहुतेक ह्याच महिन्यांत. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, मुख्यमंत्र्यांपासून सारे येऊन गेले. योजनाही पुष्कळ निघाल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यात एका बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरवावा लागला आणि तिची जुळी गेली. जून २०२५ मध्ये त्याच तालुक्यातला एक बाप मृत जन्मलेले बाळ पिशवीत घालून नाशिकहून एस.टी.ने घरी आला. गाडी मिळाली नाही असे तो म्हणाला, सरकारी बाजूचे म्हणणे वेगळे पडले. गाडी त्याने नाकारली असो की त्याला नाकारली असो, ऐंशी-नव्वद किलोमीटरांचे अंतर काही कोणी नाकारलेले नाही.

काठेवाडात डॉक्टर वस्तीच्या वेशीवर थांबला होता. येथे डॉक्टरच्या मनात तसे काही नसते. अनेक तरुण डॉक्टर ह्या केंद्रांतून जीव तोडून काम करतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. येथे वेस कायद्यात आहे, हंगामात आहे आणि घाटात आहे. तिच्यावर पाटी नाही, म्हणून ती दाखवून द्यावी लागते.

२०२२ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतर करणाऱ्या माता-बालकांची मोबाईलवर नोंद ठेवण्यास आरंभ केला, जेणेकरून मूल जिथे जाईल तिथल्या अंगणवाडीत त्याला खाऊ मिळावा. हे पाऊल स्तुत्य आहे. फक्त इंग्लंडच्या १९११ च्या नेमके उलटे घडले आहे: तिथे पुरुषाला कार्ड होते, बायकामुलांना नव्हते, येथे बायकामुलांची नोंद आहे, आणि चिखल तुडविणारा पुरुष व घरी ठेवलेली म्हातारी माणसे कोणाच्याच वहीत नाहीत. एका वहीत मात्र सर्वांची नावे असतात, ती म्हणजे बयाणा देणाऱ्या मुकादमाची. कोणत्या पाड्यावरचे कोणते कुटुंब, किती हात, किती रक्कम, कोणत्या भट्टीवर, सारे तिच्यात बिनचूक लिहिलेले असते. ती यादी दिवाळीनंतर आठ दिवसांत जामसरच्या केंद्रात जमा व्हावी, तिची नक्कल भट्टीच्या हद्दीतील केंद्राला जावी, आणि आजारपणात बुडालेल्या दिवसांचा बयाणा कुटुंबाच्या नावावर चढू नये, अशी तीन कलमे आम्ही ह्या हंगामासाठी लिहून काढली आहेत. त्यांवर भट्टीमालकांशी पहिली बैठक व्हावयाची आहे.